पिंपाभोवतीची माणसं

सहा इंच व्यासाच्या काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या. एक पाण्याने भरलेल्या पिंपावर लाकडी ठोकळ्यांत घट्ट बसवायची, दुसरी तिच्यावर ठेवायची. दोघींच्या मधे कार्बोरंडमची पूड आणि थोडं पाणी. मग वरची चकती पुढे-मागे ढकलायची, मधूनच ती थोडी फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. असं तासन्‌तास केलं की वरची काच मधे खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. साचा लागत नाही, यंत्र लागत नाही. दोन पृष्ठभाग सगळ्या दिशांनी एकमेकांवर घासले जात राहिले, तर कुठेही फट न सोडता सरकू शकेल असा एकच आकार शिल्लक राहतो, तो म्हणजे गोलाचा तुकडा. घरच्या घरी दुर्बिणीचा आरसा करता येतो, तो या भूमितीच्या जोरावर.

एवढं पुस्तकात असतं आणि मी ते वाचलं होतं. पुस्तकात नसतं ते पिंपाभोवती जमलेल्या माणसांचं वागणं. त्यांच्यात मी नवखी म्हणून गेले. जो जिव्हाळा मिळाला, तो त्यांच्या चांगल्या स्वभावामुळे मिळाला असं सुरुवातीला वाटलं. स्वभाव चांगले आहेतच. पण पुढे उमगत गेलं की त्या जिव्हाळ्याखाली कामाच्या पद्धतीचा एक भक्कम पाया आहे. त्या पायाबद्दल मला सांगायचं आहे.

मी सहकारी बँकेत नोकरी करते. दिवसभर आकडे तपासायचे, नोंदी जुळवायच्या, सह्या करायच्या. हाताने काही घडवण्याची सवय शाळेतल्या शिवणकामाच्या तासानंतर सुटली होती. आकाशाची ओढ मात्र होती. पुण्यात ही ओढ असलेल्या माणसाला एकटं राहावं लागत नाही. ज्योतिर्विद्या परिसंस्था इथे १९४४ पासून आहे, 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झालेल्या आहेत. त्यामुळे आरसा घासलेला कुणी ना कुणी ओळखीच्या ओळखीत निघतोच. मला भेटला तो आमच्या शाखेचा एक खातेदार. त्याच्यामुळे एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये रविवारी सकाळी जमणाऱ्या मंडळींत मी पोचले. या मंडळींना नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक टर्नर, ज्यांना सगळे काका म्हणतात. दातांचे एक डॉक्टर. विज्ञान शिकवणारे एक सर. इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी. आणि येऊन-जाऊन असणारे आणखी काही जण.

पहिल्या दिवशी मला कुणी काही विचारलं नाही. शिक्षण किती, गणित येतं का, वेळ देऊ शकाल का, यातलं काही नाही. काकांनी चकतीवर चमचाभर पूड पसरली, बाटलीतून पाणी शिंपडलं आणि म्हणाले, "ताई, हात ठेवा. जोर लावू नका, काचेचं वजन पुरतं. आणि कान इकडे द्या." ऐंशी नंबरची पूड जाड असते. सुरुवातीला काचेवर काच अशी करकरते की दातांवर शहारे येतात. काही मिनिटांनी तो आवाज बसत जातो, खरखर कमी होते, हाताला लागणारा विरोधही मऊ पडतो. "आता पूड मेली," काका म्हणाले. तिचे कण फुटून बारीक झाले, आता ते काच कापणार नाहीत. धुवा, नवी टाका. एका सकाळीत माझे कान तयार झाले. वाचून समजलं नसतं असं काही मला येऊ लागलं होतं, आणि ते मला भाषण न देता दिलं गेलं होतं.

सहा इंची आरशाची नाभी अठ्ठेचाळीस इंचांवर यावी असं ठरवलं, तर त्याची मधली खोली भरते जेमतेम १.२ मिलिमीटर. ती मोजायची पद्धत अशी: आरशावर आडवी पोलादी पट्टी ठेवायची आणि पट्टीच्या खाली मध्यभागी १.२ मिलिमीटरच्या ड्रिलचं गुळगुळीत बूड सरकवून पाहायचं. अडकलं तर अजून घासायचं, अलगद गेलं तर ऐंशी नंबरचं काम संपलं. मग १२०, २२०, ४००, ६०० आणि पुढे त्याहून बारीक. प्रत्येक पूड आधीच्या पुडीने पाडलेले खड्डे पुसते आणि स्वतःचे छोटे खड्डे मागे ठेवते.

दोन पुडींच्या मधली सफाई हा या कामातला सगळ्यात कडक भाग. पिंप, ठोकळे, चकत्या, नखं, सगळं घासून काढायचं. जुनी वर्तमानपत्रं फेकून नवी अंथरायची. चपला बाहेर, ॲप्रन बदललेला. ऐंशी नंबरचा एक कण बारीक पुडीत शिरला, तर काचेवर ओरखडा ओढतो आणि कित्येक तासांचं काम मागे जातं. पुडींच्या बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत असतात. दातांचे डॉक्टर ही सफाई दवाखान्यातल्या शिस्तीने करतात, आणि गॅरेजमध्ये माझ्याइतकीच त्यांचीही नखं तपासली जातात. नियम सगळ्यांना एकच आहे, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं.

घासता घासता गप्पा चालतात आणि त्यांत पूर्वसूरी येऊन जातात. सरांना ते सगळे घरच्या माणसांसारखे माहीत आहेत. विल्यम हर्शेल हे इंग्लंडमधल्या बाथ गावात चर्चमध्ये ऑर्गन वाजवत, संगीताच्या शिकवण्या करत. तांबं आणि कथिल यांच्या मिश्रधातूचे आरसे ते घरीच ओतायचे. पॉलिश करताना हात थांबवता येत नसे, म्हणून बहीण कॅरोलाइन त्यांना घास भरवी आणि वाचून दाखवी; एकदा हे सोळा तास चाललं. याच घरगुती दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ च्या रात्री त्यांना युरेनस दिसला. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या स्प्रिंगफील्ड या यंत्रांच्या गावी रसेल पोर्टर यांनी १९२० मध्ये कारखान्यातल्या लोकांना आरसे घासायला शिकवलं. त्या वर्गात एक स्त्रीही होती. १९२५ मध्ये अल्बर्ट इंगल्स यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्या मंडळींबद्दल लिहिलं आणि देशभरातले वाचक विचारू लागले, आम्हाला कसं करता येईल? तेव्हापासून हा छंद जगभर पसरला. पुढे पालोमार पर्वतावरच्या दोनशे इंची दुर्बिणीच्या आखणीतही पोर्टर होते. हौशी माणूस तिथवर पोचला.

काकांच्या मनात मात्र जॉन डॉब्सन भरलेले आहेत. डॉब्सन हे रामकृष्ण संघाच्या कॅलिफोर्नियातल्या वेदान्त मठात संन्यासी होते. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून ते आरसे करत, पुठ्ठ्याच्या नळीत बसवत आणि लाकडी खोक्यावर ठेवून रस्त्यावरच्या मुलांना चंद्र दाखवत. दुर्बिणींच्या नादापायी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बिणी लावणारी त्यांची मंडळी सुरू झाली. त्यांनी रचलेली लाकडी बैठक आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते आणि तिचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. आमच्या गॅरेजमधल्या सगळ्या दुर्बिणी त्याच बैठकीवर उभ्या आहेत. काका म्हणतात, "फुकट मिळालंय, फुकटच पुढे द्यायचं."

मला वाटतं, इथवरचं सगळं इतर छंदांच्या मंडळींतही सापडेल. वेगळेपण सुरू होतं पॉलिशनंतर.

बारीक पुडींचं काम संपलं की खालच्या चकतीवर, म्हणजे टूलवर, पिच हा डांबरासारखा पदार्थ ओततात, त्यात चौकोनी खाचा पाडतात आणि सिरियम ऑक्साइडच्या गुलाबीसर पाण्याने आरसा पॉलिश करतात. काच हळूहळू पारदर्शक होते. आता गोलाचा परवलय करायचा असतो, आणि तो आकार ठरवायचा असतो मायक्रॉनच्या अंशांत. सहा इंची, अठ्ठेचाळीस इंच नाभीच्या आरशात गोल आणि परवलय मध्यावर जुळवून ठेवले, तर कडेला त्यांच्यात जो फरक पडतो, तो मायक्रॉनच्या एक तृतीयांशाहूनही कमी असतो. एवढा फरक एखाद्या गॅरेजमध्ये कसा पाहायचा?

फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑं फूको यांनी १८५८ च्या सुमारास याचं उत्तर दिलं. आरशापासून त्याच्या वक्रतेच्या केंद्राशी, म्हणजे आमच्या आरशासाठी सुमारे २.४४ मीटरवर, बारीक भोकातून येणारा उजेड ठेवायचा. परत आलेले किरण जिथे एकत्र येतात, तिथे दाढीचं पातं हळूच आडवं सरकवायचं आणि पात्यामागून डोळ्याने आरसा पाहायचा. आरसा अचूक गोल असेल, तर सगळा एकदम राखाडी होतो. कुठे उंचवटा वा खळगा असेल, तर मावळतीच्या तिरप्या उन्हात डोंगर दिसावेत तसे चढ-उतार उभे राहतात. लाखपट वाढवलेले. सगळं सामान मिळून एक दिवा, भोक पाडलेला पत्रा, एक पातं आणि स्क्रू. आमच्याकडे काकांनी त्याला डायल गेज जोडून दिलं आहे.

पहिल्यांदा पात्यामागे डोळा लावला, तेव्हा मला फक्त एक फिकट वर्तुळ दिसलं. ती कॉलेजमधली मुलगी म्हणाली, "काकू, थांबा, तुम्हाला डोंगर दाखवते." ती आरशाजवळ गेली, अंगठा काचेवर थोडा वेळ टेकवला, उचलला आणि बाजूला झाली. जिथे अंगठा होता, तिथे एक टेकाड उभं होतं, सावलीसकट. अंगठ्याच्या ऊबेने काच तेवढ्यापुरती फुगली होती. माझ्या डोळ्यांदेखत ते टेकाड बसत गेलं आणि काही मिनिटांत दिसेनासं झालं. तिच्या तळहातावरून वर चढणारी गरम हवाही वळसे घेत दिसत होती. मला समजलं की मी आता तेच पाहते आहे, जे वर्षानुवर्षं आरसे घासणारे पाहतात. माझ्या डोळ्याला कमी दिसत नव्हतं.

या जिव्हाळ्याचा पाया इथे आहे. आरसा चांगला की वाईट हे कुणाच्या अनुभवावर, वयावर किंवा मोठ्या आवाजावर ठरत नाही. सावलीवर ठरतं, आणि सावली ज्याला पाहायची त्याला दिसते. जाणत्याला आपलं जाणतेपण राखत बसावं लागत नाही, कारण निकाल त्याच्या हातात नसतोच. नवख्याला दबून राहावं लागत नाही, कारण त्याच्या डोळ्यालाही तोच निकाल वाचता येतो. एकमेकांपुढे सिद्ध करण्यासारखं काही उरलं नाही, की माणसं सहज मोकळी होतात.

याची प्रचिती मला माझ्याच आरशावर आली. तो उन्हाळा होता. आरशाच्या कडेला एका बाजूला उजळ रेघ दिसू लागली. कडेला उतार पडला की अशी रेघ दिसते, आणि सहसा प्रत्येक नव्या आरशाच्या वाट्याला ती कधी ना कधी येतेच. मोबाइलचा कॅमेरा पात्यामागे धरून काढलेला फोटो मी रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. काकांनी लिहिलं, आरसा पुढे-मागे ढकलायचा हेलकावा लांब पडतोय, छोटा घ्या. डॉक्टरांनी लिहिलं, एप्रिलच्या उकाड्यात पिच मऊ पडलंय, हेलकाव्याचा दोष नाही. बेळगावहून ग्रुपवर असलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, खोलीचं तापमान किती होतं? कुणी "छान चाललंय" असं लिहिलं नाही. कुणी "सोडून द्या" असंही लिहिलं नाही. सगळ्यांनी फोटो नीट पाहिला होता.

पुढच्या रविवारी ठरलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी पिच तेच ठेवून हेलकावा लहान केला. सावली हलली नाही. मग पुढच्या खेपेला थोडं कडक पिच ओतलं, जुनाच हेलकावा ठेवला. उजळ रेघ बारीक झाली. काका बराच वेळ पात्यामागे बसून होते. मग उठून, जिथे मी उभी होते तिथवर आले आणि म्हणाले, "डॉक्टरांचं बरोबर निघालं. इतकी वर्षं मी हेलकाव्यावरच लक्ष ठेवून होतो. वहीत लिहून ठेवा." त्यांच्या चेहऱ्यावर अपमान नव्हता. नवी गोष्ट सापडल्याचा आनंद होता. आयुष्यभर मायक्रॉनमध्ये लेथवर काम केलेल्या माणसाचा तो आनंद पाहून मला त्यांच्याबद्दल जे वाटलं, ते आदर या एका शब्दात मावत नाही.

वही हे माझं योगदान. बँकेतल्या सवयीने मी पहिल्या दिवसापासून नोंद ठेवत होते: तारीख, तापमान, कुठली पूड, किती वेळ, सावलीचा फोटो, डायल गेजचे आकडे. आधी ती माझ्या एकटीची होती. मग एकेक जण आपले आकडे तीत लिहू लागला. नवख्या माणसाच्या प्रश्नांचाही इथे उपयोग असतो, हे मला त्या वहीने शिकवलं. "पिच बरोबर झालं हे कसं ओळखता?" असं मी काकांना विचारलं, तेव्हा त्यांनी नखाने पिच दाबून दाखवलं. किती जोराने, किती वेळ, पिच किती गार असताना, हे विचारत गेले तेव्हा त्यांनी स्वतःच एक रविवार त्यासाठी दिला. बादलीतल्या पाण्याचं तापमान ठरवून पिचचे तुकडे त्यात बुडवले आणि नखाचा ठसा उमटायला किती सेकंद लागतात, ते घड्याळ लावून मोजलं. जे त्यांच्या अंगठ्यात होतं, ते आता कागदावर आहे. नुकत्याच आलेल्या माणसाला जी गोष्ट अडते, ती मुरलेल्यांना दिसेनाशी झालेली असते. नवखा ती परत दाखवून देतो.

परीक्षा सगळ्यांसमोर उघडी असणं किती महत्त्वाचं आहे, हे सांगणारी एक मोठी गोष्ट सर नेहमी सांगतात. १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि चित्रं धूसर येऊ लागली. तिचा २.४ मीटरचा आरसा अतिशय गुळगुळीत होता, पण आकार चुकला होता; कडेला तो सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाला होता. तपासणीच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसवलं गेलं होतं. दुसऱ्या, साध्या उपकरणाने केलेल्या चाचण्यांत दोष दिसलाही होता, पण मुख्य उपकरण अधिक अचूक आहे अशा समजुतीने त्या बाजूला ठेवल्या गेल्या. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन उपाय बसवला आणि त्यानंतरची चित्रं जगाने पाहिली. सर ही गोष्ट हळहळून सांगतात. त्यांचा आग्रह एकच असतो: साध्या चाचणीला दोष दिसत असेल, तर आधी तिचं ऐका, मग ती कुणीही केलेली असो.

या माणसांना मी गॅरेजच्या बाहेरही ओळखते. त्यांच्या सोसायट्यांतही पार्किंगवरून भांडणं होतात, नातेवाइकांत अबोले आहेत, राजकारणावरून आवाज चढतात. ती संतमंडळी नाहीत. तरीही पिंपाभोवती ती जशी वागतात, तशी वागतात, कारण तिथे मत आणि मोजमाप यांच्यातला फरक रोज डोळ्यांपुढे असतो. बँकेत मी अनेकदा पाहते की नव्या माणसाने बरोबर आकडा सांगितला, तरी वरिष्ठाचं मत आधी ऐकलं जातं. तिथल्या आकड्यांचा खरेपणाही तपासता येतो, पण तपासायचा हक्क हुद्द्याप्रमाणे वाटलेला असतो. गॅरेजमध्ये तो हक्क पहिल्याच सकाळी हातात मिळतो.

माझा आरसा पूर्ण झाला, त्यावर ॲल्युमिनियमचा लेप चढला, दुर्बीण उभी राहिली आणि शनीची कडी तिच्यातून आमच्या घरच्या गच्चीवर सगळ्यांनी पाहिली. तो आनंद मोठा होता. पण मी रविवारी परत जाते, ती दुसऱ्याच एका कारणाने. आता तिथे नवीन कुणी आलं, तर त्याला मी आधी पिंपापाशी नेत नाही. आधी पात्यामागच्या स्टुलावर बसवते, आरशावर अंगठा टेकवते आणि टेकाड दाखवते. घासणं नंतर शिकता येतं, हात आपोआप तयार होतात.

हौशी मंडळी नव्या माणसाला सामावून घ्यायचं म्हणतात, तेव्हा चहा, ओळखी आणि कौतुक यांचा विचार आधी होतो. ते सगळं हवंच आहे. गायनाचा वर्ग असो, मातीकाम असो, की कुणी मिळून लिहीत असलेला शब्दकोश असो, त्या प्रत्येक ठिकाणी कामाचा खरेपणा जोखायचं काही साधन असतं आणि बहुतेक वेळा ते फक्त जुन्यांच्या हातात असतं. ते पहिल्याच दिवशी नव्या माणसाच्या हातात द्या. आपलं काम आपल्याला वाचता येतं आणि दुसऱ्याचंही तितक्याच प्रामाणिकपणे वाचता येतं, हे त्याला समजलं, की त्याला पाहुणा म्हणून वागवण्याची गरज उरत नाही. तो त्या मंडळींतला झालेला असतो.